उदरवेधी जखम

चाकू, सुरा, गुप्ती अशा टोकदार शस्त्राने भोसकल्यामुळे पोटाला झालेली जखम. बैलाच्या शिंगाने पोट फाटते तेव्हा स्नायू चिरडतात, माती आत जाते. म्हणून ती जखम वेगळी धरणे इष्ट. स्तनाग्रांच्या पातळीखाली छातीवर बसलेला वार मात्र येथेच मोडतो, कारण श्वास सोडताना मध्यपटल (छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा) चौथ्या बरगडीच्या आसपास वर येते.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सद्योव्रणाचे (ताज्या जखमेचे) छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार असून कोठ्यात, म्हणजे पोटासारख्या पोकळीत, शस्त्र शिरल्यास त्यास ‘भिन्न’ म्हटले आहे. बाहेर आलेले अखंड आतडे आत सारावे, फाटलेले असल्यास मुंग्यांच्या डोक्यांनी कडा धरवून सारावे. मात्र दुसरा उपाय ‘काहींच्या मते’ म्हणून दिला आहे. ग्रंथाचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. तो एकाच हातचा नसून थराथराने वाढला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

भोसकलेले प्रत्येक पोट उघडावे काय, हा आधुनिक वाद. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर बहुधा होकारार्थी असे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद जेराल्ड शाफ्टन यांनी १९६० मध्ये रुग्णाची लक्षणे पाहून निर्णय घ्यावा असे प्रतिपादन केले. ढोबळमानाने एक तृतीयांश वार पर्युदर (पोटाच्या पोकळीचे आतले आवरण) भेदत नाहीत आणि तितकेच वार आत शिरूनही टाके घालावे लागतील अशी इजा करत नाहीत. त्यामुळे हे मत आता रूढ आहे. रक्तदाब घसरला, पोट फळीसारखे कडक झाले किंवा आतडे बाहेर आले, तर तातडीने उदरच्छेद, म्हणजे पोट उघडण्याची शस्त्रक्रिया, करतात. जखमेतून पिवळी चरबी, म्हणजे वपा, डोकावत असल्यास मतभेद आहेत. आत इजा सापडण्याचे प्रमाण बरेच असल्याने शस्त्रक्रियेकडे झुकणे श्रेयस्कर. इतरांची सोनोग्राफी, सीटी स्कॅन करून किमान २४ तास पोट पुनःपुन्हा तपासतात, शक्यतो एकाच डॉक्टरने.

पोट उघडल्यावर आधी रक्तस्राव थांबवतात, मग आतडे वीत-वीत तपासतात. शस्त्र एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडते, म्हणून छिद्रे सहसा जोडीने असतात. संख्या विषम आली की पुन्हा शोध घ्यावा लागतो.

जत, आटपाडीकडून मिरज-सांगलीच्या सिव्हिलला किंवा पाटणकडून कऱ्हाडला नेताना रुतलेला चाकू उपसू नये, आतडे आत ढकलू नये, सलाईनच्या ओल्या गॉजने झाकावे, तोंडाने पाणीही देऊ नये. पोलिसांची कागदपत्रे उपचारांना अडवू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. कपडे कापताना कात्री शस्त्राच्या छिद्रातून नेत नाहीत. तो पुरावा असतो.

डाव्या बाजूच्या वाराने मध्यपटलाला पडलेले छिद्र नजरेतून सुटल्यास वर्षांनंतरही त्यातून आतडे छातीत सरकू शकते. पुढे कधी धाप लागली किंवा आतड्यात अडथळा आला, तर जुन्या वाराची माहिती डॉक्टरांना देणे अत्यावश्यक.