वापरलेली मोठी इस्टेट गाडी घेताना
(ब्रिटनमधील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे खरेदीपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या इस्टेट गाड्यांमध्ये (छत थेट डिकीच्या टोकापर्यंत नेलेल्या लांब गाड्यांमध्ये) बीएमडब्ल्यू ५ सीरिज टूरिंग, मर्सिडीज ई-क्लास, ऑडी ए६ अव्हांट आणि व्होल्व्हो व्ही९० यांचाच भरणा असतो. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना बॅगांसकट हीथ्रोवरून घरी आणायचे असल्यामुळे बहुतेक ग्राहक सर्वप्रथम डिकीचे माप विचारतात. २०१६ ते २०२३ दरम्यानच्या ई-क्लासची डिकी ६४० लिटरची आहे आणि मागच्या सीट पाडल्यावर ती १,८२० लिटरपर्यंत जाते. बाकीच्या तिन्ही गाड्या सीट न पाडता साडेपाचशे ते पावणेसहाशे लिटरच्या दरम्यान आहेत. चौघींतली कोणतीही घेतली तरी बॅगा मावतात. खिशाला चाट लावणारी गोष्ट डिकीच्या खाली असते.

ई-क्लास आणि ५ सीरिज टूरिंग या गाड्यांचा मागचा भाग पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेला असतो, त्यामुळे डिकी कितीही भरली तरी गाडी मागे बसत नाही. मात्र हे रबर मैलांइतकेच वयानेही झिजते. त्याच्या घड्यांना चिरा पडून हवा हळूहळू गळू लागते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) वारंवार चालू लागतो आणि अखेरीस तोही जळतो. इंजिन सुरू केल्यावर फुगे पुन्हा भरत असल्याने हा दोष अगदी सहज झाकला जातो. म्हणून गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवावी आणि आम्ही येईपर्यंत ती सुरू करू नये, असे विक्रेत्याला आवर्जून सांगावे. सकाळी मागची एक बाजू खाली गेलेली दिसली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा किंवा ती गाडी सोडून द्यावी.

डिझेल गाडीच्या बाबतीत कमी मैलांचा मोह आवरावा. शाळा आणि सुपरमार्केट एवढ्याच फेऱ्या झालेल्या गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर पुरेसा तापत नाही, त्यामुळे काजळी जळून न जाता तो तुंबतो. मोटरवेवर एक लाख मैल धावलेली, सर्व्हिसची नोंद अखंड असलेली गाडी आम्हाला त्याहून अधिक भरवशाची वाटते. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी युरो ६ (धुराच्या प्रमाणाचे युरोपीय मानक) पाळणारे डिझेलच घ्यावे, कारण २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणारे क्षेत्र) लंडनच्या सर्व बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू आहे आणि जुन्या डिझेलला तिथे चालवल्याच्या प्रत्येक दिवशी १२.५० पौंड भरावे लागतात. २०१४ पूर्वीच्या ५२०डीची (५ सीरिजच्या डिझेल गाडीची) टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बाजूला असल्यामुळे तिचे काम फार महाग पडते. थंड इंजिन सुरू करताना तिथून खरखर ऐकू आल्यास पुढे बोलणी करू नयेत. बीएमडब्ल्यूच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल कायमचे असते, असे विक्रेते सांगतात. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, म्हणजे साधारण ५० ते ७५ हजार मैलांना, ते बदलण्याची शिफारस करते.

कागदपत्रांपैकी एमओटीचा (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. त्यात प्रत्येक वर्षीचे मैल आणि परीक्षकाचे शेरे असतात. तेच ते शेरे वर्षानुवर्षे दिसत असतील, तर मालकाने हात आखडता घेतला होता असे समजावे. लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नाव असणे हा मालकीचा पुरावा नव्हे, त्यामुळे गाडीवर कर्ज बाकी आहे का, हे स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. नवी असताना ४०,००० पौंडांहून महाग असलेल्या आणि एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीला दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे जादा रोड टॅक्स लागतो, मग आपण ती कितीही स्वस्तात घेतलेली असो.

डीलरकडून घेतलेल्या गाडीत मुळातला दोष आढळल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही, म्हणून तिची तपासणी इसाराची रक्कम देण्यापूर्वीच करून घ्यावी.