कमी मिथेनची गाय निवडायची कशी?

दुभती गाय दिवसाला साधारण 250 ते 500 लिटर मिथेन, म्हणजे हवामान तापवणारा वायू, सोडते. त्यातला बहुतेक तोंडावाटे, ढेकरांतून जातो. कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबणंच मंदावेल. आर्किया नावाचे सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड वापरून त्याचा मिथेन करतात. कोणत्या गायीत हे किती चालतं, ते थोडंफार वंशातून येतं. कॅनडातल्या होल्स्टीन या दुधाळ जातीत ही आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींतल्या फरकातला वंशाचा वाटा, सुमारे 23 टक्के निघाली. म्हणजे वळू निवडून फरक पाडता येतो.

घोडं अडतं ते मोजमापात. ग्रीनफीड या मिथेन मोजणाऱ्या यंत्रात गाय डोकं घालते. गोळीपेंड थोडी थोडी पडत राहते म्हणून ती काही मिनिटं तिथेच थांबते, आणि तेवढ्यात पंखा तिचा श्वास ओढून घेतो. एका भेटीचा आकडा कुचकामी, कारण खाल्ल्यावर मिथेन चढतो आणि मग उतरतो. दिवसरात्रीच्या वेगवेगळ्या वेळी तीसेक भेटी झाल्या तरच सरासरी भरवशाची. हजारो गायींचं असं मोजणं परवडत नाही.

कॅनडाने वाट काढली दुधातून. कोटीपोटातल्या आंबण्याचा माग दुधातल्या स्निग्धाम्लांत उमटतो. काहीशे गायींचा मोजलेला मिथेन त्यांच्या दुधाच्या अवरक्त वर्णपटाशी, म्हणजे दूध कोणता अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश किती शोषतं त्या नोंदीशी, जुळवला, आणि नेहमीच्या दूध तपासणीतूनच मिथेनचा अंदाज येऊ लागला. एप्रिल 2023 मध्ये लॅक्टानेट या कॅनडाच्या दुग्धव्यवसाय संस्थेने वळूंचे मिथेन गुणांक जाहीर केले. सरासरी 100, वळूचे 5 गुण जास्त, तर त्याच्या मुलींचा मिथेन वर्षाकाठी सुमारे 3 किलोने कमी.

नुसता कमी मिथेन बघून निवड केली, तर कमी खाणाऱ्या, कमी दुधाच्या गायीच हाती लागतात. म्हणून या गुणांकातून दूध, फॅट आणि प्रथिनांचा परिणाम आधीच वजा केलेला आहे. हा या कामातला सर्वांत शहाणपणाचा भाग.

न्यूझीलंडच्या कमी-मिथेन मेंढ्यांचं कोटीपोट लहान निघालं. चारा त्यातून लवकर पुढे सरकतो. मक्याच्या मुरघासावर हे चालून जाईल, पण कडब्यासारख्या राठ वैरणीला पोटात वेळ लागतो. त्यामुळे परदेशी गुणांक बघून आपल्याकडे वळूच्या वीर्याची कांडी भरण्याआधी त्या वळूच्या मुली इथल्या वैरणीवर तपासायला हव्यात. त्यासाठी प्रत्येक गायीच्या दुधाचा वेगळा नमुना लागेल. संकलन केंद्रावर आज फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागते ती शेतकऱ्याच्या एकत्र किटलीची.