आउट झालेल्या मुलाला पुन्हा खेळात घ्या

देवगडजवळच्या एका अंगणवाडीत जुलैची सकाळ. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, म्हणून खेळ आतच, फरशीवर. मधोमध खडूची रेघ: अलीकडे तळं, पलीकडे मळा. ‘तळ्यात!’ ‘मळ्यात!’ मुलांच्या उड्या रंगात आल्या तशा बाई म्हणाल्या, “आता उलटं हां. मी तळ्यात म्हटलं की मळ्यात जायचं.”

पहिल्याच हाकेला बहुतेक पोरं चुकली. एका साडेचार वर्षांच्या मुलीच्या मात्र टाचा उचलल्या, अंग पुढे झुकलं आणि ती तिथेच थबकली. ओठ घट्ट मिटले. मग सावकाश दुसऱ्या बाजूला उडी.

हे थबकणंच मोलाचं आहे. तेवढ्या क्षणात तिचा मेंदू तीन कामं करत असतो: नवा नियम लक्षात ठेवायचा, जुना सोडायचा आणि सवयीने निघालेल्या पायाला आवरायचं. कपाळामागचा मेंदूचा भाग यात पुढाकार घेतो. तो पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते, पण तीन ते सहा या वयात ही आवरण्याची ताकद झपाट्याने वाढते. ‘गप्प बस’ म्हटल्यावर मूल गप्प बसतं तेव्हा त्याला आपण आवरलेलं असतं. इथे ते स्वतःला आवरतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

संशोधक हीच ताकद मोजतात तीही खेळातूनच. ‘डोक्याला हात लाव’ म्हटलं की मुलाने पायाची बोटं धरायची. बरोबर केलं तर 2 गुण, चुकलं तर 0. आणि हात डोक्याकडे निघाला, पण मुलाने मध्येच सावरून बोटं धरली, तर 1. त्या थबकण्यालाही गुण आहे!

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या शॉना टॉमिनी आणि मेगन मॅक्लेलँड यांनी बालवाडीच्या 65 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही मुलांना आठवड्यातून 2 वेळा, 8 आठवडे असे गोलात जमून खेळायचे खेळ दिले. 2011 साली निष्कर्ष छापून आले. सरसकट सगळ्या मुलांत मोठा फरक दिसला नाही. पण सुरुवातीला ज्यांना स्वतःला आवरणं सर्वांत जड जात होतं, त्यांच्यात सुधारणा स्पष्ट होती. प्रयोग छोटा आहे, तरी त्यातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कारण आपल्याकडे चुकला तो आउट. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून बसतो आणि ज्याला आधीच जमतं तो शेवटपर्यंत खेळतो. ‘शिवाजी म्हणतो’मध्येही तेच. हा नियम तेवढा बदला. चुकला तर हसून पुन्हा रेघेवर.

दुसरी गोष्ट, खेळ सोपा झाला की नियम फिरवायचा. कोकणातल्या मुलांना शिमग्याचा ढोल अंगात भिनलेला असतो. डब्यावर जोरात ताल धरा आणि सांगा, जोरात वाजलं की हळू चालायचं. चार दिवसांनी ते उलटं करा. मग बाईंऐवजी एखाद्या मुलालाच डबा वाजवायला द्या.

त्या अंगणवाडीत कोणी आउट झालं नाही. सगळ्यात जास्त चुकणारा मुलगा शेवटी डबा मांडीवर घेऊन बसला होता. काठी उगारायची, सगळ्यांना ताटकळत ठेवायचं आणि मगच वाजवायची, असं त्याचं चाललं होतं.