आणेवारी ते प्रवाहमापन : दुष्काळाच्या मोजणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दुष्काळाची मोजणी पाण्यापासून नव्हे, तर महसुलापासून सुरू झाली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे धरून गावात यंदा किती आणे पीक आले याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून शेतसाऱ्यात सूट द्यायची की नाही हे ठरवायचे, ही आणेवारी. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. तरी इथल्या हिशेबाचा पाया पीकच राहिला. दशमान नाणी आल्यावर आण्यांचे पैसे झाले आणि पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईग्रस्त ही रीत रूढ झाली, बोलताना मात्र आजही ‘आणेवारी’च म्हटले जाते. खरिपाची अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरच्या सुमारास जाहीर होते, तोवर पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेले असतात. नुकसानीचा हिशेब म्हणून ही पद्धत समजण्यासारखी आहे; आगाऊ इशारा म्हणून ती निरुपयोगी.

नद्यांचे पाणी मोजले गेले ते वेगळ्याच गरजेतून : धरणे बांधण्यासाठी आणि वाटे ठरवण्यासाठी. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने विजयवाड्याच्या प्रवाहाची १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षांची आकडेवारी विचारात घेतली, वरच्या भागात वापरले गेलेले पाणी तीत मिळवले आणि ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरला. त्यातले ५६० टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. म्हणजे चारांपैकी एका वर्षी पाणी याहून कमी येणार, हे वाटपातच गृहीत होते. त्या चौथ्या वर्षाची चाहूल कशी घ्यायची, हा प्रश्न निराळा आणि तो बराच काळ मागे पडला.

प्रवाहमापन केंद्रावरचे काम दिसायला साधे असते. पुलाच्या खांबावर किंवा काठावर रंगवलेल्या मोजपट्टीवरून पातळी वाचायची, नदीच्या रुंदीचे भाग पाडून प्रत्येक भागाची खोली आणि करंट मीटरने वेग घ्यायचा, आणि अशा अनेक नोंदींवरून कोणत्या पातळीला किती पाणी वाहते याचा आलेख बसवायचा. पुराच्या दिवसांत पातळीतला चढ-उतार ठळक दिसतो. उन्हाळ्यात मात्र धार पट्टीला वळसा घालून पलीकडच्या काठाने जाते, वाळू सरकली की जुना आलेख चुकतो, आणि खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) लागले असतील तर पट्टी भरपूर पाणी दाखवते, जरी ते जागचे हललेलेही नसते. दुष्काळात ज्या आकड्याची सर्वांत जास्त गरज, तोच मिळवणे सर्वांत कठीण.

१९७२ च्या दुष्काळाने लक्ष भूजलाकडे वळवले. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्यभर निरीक्षण विहिरी ठरवल्या. आज त्या सुमारे चार हजार असून त्यांची पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते. पृष्ठजलाच्या नोंदींना शिस्त आली ती मुख्यतः १९९५ नंतर, जलविज्ञान प्रकल्पातून.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पैसेवारीची चौकट बाजूला सारली. आधी पाऊस पाहायचा, मग पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतील ओलावा आणि जलविषयक निर्देशांक तपासायचे, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पडताळणी करायची. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो याच पद्धतीने. जलविषयक निर्देशांकांत धरणसाठा आणि भूजल यांच्याबरोबर नदीप्रवाहही आहे. पण धरणांनी अडवलेल्या नदीत वाहते ते पावसाचे पाणी की धरणातून सिंचनासाठी सोडलेले आवर्तन, हे वेगळे काढल्याशिवाय त्या निर्देशांकाला अर्थ नाही.

ऊर्ध्व गोदावरीत, म्हणजे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात, हा पेच उघडा पडतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतर १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. एका दिवसाच्या साठ्यावर दोन प्रदेशांचा हंगाम ठरतो. सोडलेले पाणी आणि पैठणला पोहोचलेले पाणी यांतली तूट म्हणजे वहनव्यय. तो कोरड्या पात्रात जिरला, वाफ होऊन गेला की वाटेत उपसला गेला, याचे उत्तर मधल्या प्रवाहमापन केंद्रांच्या नोंदींतूनच मिळू शकते.