डोंगर काचेवर, नकाशा कचेरीत

कॅनडातल्या रॉकी पर्वतात भूमापकाला कामासाठी उन्हाळ्याचे मोजके महिने मिळत. त्यातही पाऊस, धुकं आणि वणव्यांचा धूर. एकेक कडा जागेवर मोजत बसलं असतं, तर पिढ्या गेल्या असत्या. म्हणून १८८०च्या दशकात तिथले सर्वेक्षणप्रमुख एदुआर देव्हिल यांनी वेगळी पद्धत रुजवली: उन्हाळ्यात शिखरांवरून छायाचित्रं घ्यायची आणि मोजमाप हिवाळ्यात, कचेरीत बसून करायचं.

१९१५ साली भूमापक मॉरिसन ब्रिजलँड यांच्या तुकडीने याच पर्वतातल्या जॅस्पर उद्यानात हेच केलं. कोन मोजायचं थिओडोलाइट यंत्र, तिवई, कॅमेरा आणि छायाचित्रं उमटवायच्या काचेच्या जड प्लेटा पाठीवर घेऊन ही माणसं शिखरामागून शिखर चढली आणि एका मोसमात ७००हून अधिक छायाचित्रं घेऊन उतरली.

कॅमेरा अगदी समपातळीत लावलेला असे आणि भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर, ठाऊक असे. त्यामुळे छायाचित्रात एखादा सुळका मध्यापासून किती बाजूला आणि क्षितिजरेषेच्या किती वर आहे हे मोजलं, की त्याची दिशा आणि कोन निघत. अंतर मात्र एका छायाचित्रातून कळत नाही. त्यासाठी तोच सुळका दुसऱ्या शिखरावरूनही टिपावा लागे. दोन्ही शिखरांच्या जागा त्रिकोणमापनाने पक्क्या केलेल्या असत. तिथून काढलेल्या दिशारेषा कागदावर छेदल्या, की सुळक्याची जागा सापडली. मग कोनावरून उंची. असे असंख्य बिंदू मांडून त्यांच्यामधून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ओढत. गणित शाळकरीच म्हणायचं. खरी कसोटी नजरेची, कारण दुसऱ्या बाजूने पाहिलं की ओळखीचा कडाही परका दिसतो.

पुढे विमानातून छायाचित्रं घेता येऊ लागली आणि ही पद्धत मागे पडली. ब्रिजलँड यांचे नकाशे आता जुने झालेत; माझ्या मते त्यांच्या काचांची किंमत मात्र वाढली आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी त्याच जागांवर उभं राहून तीच दृश्यं पुन्हा टिपली. १९१५ साली दरीत गवताळ माळ आणि विरळ झाडी दिसते. नव्या छायाचित्रांत तिथे सलग, दाट सूचिपर्णी जंगल आहे. उद्यान झाल्यावर वणवे विझवण्याचं धोरण आलं, हे त्याचं एक मोठं कारण. शिवाय दरीत शेती करून राहणारी मेती (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाची) कुटुंबं १९१०च्या सुमारास उठवली गेली होती. म्हणजे ज्याला आपण अस्पर्श अरण्य समजतो, ते काही अंशी सरकारी निर्णयांतून घडलेलं आहे.

जुलै २०२४मध्ये वणव्याने जॅस्पर गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जाळल्या. उष्ण, कोरडी हवा, वारा आणि भुंगेऱ्यांनी मारलेली पाइनची झाडं यांच्या जोडीला तिथे शतकभर साचलेलं हे दाट जंगलही होतं.