दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील कुठे आणि कसं करायचं? मुंबईकरांसाठी माहिती

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे. जूनमध्ये ॲडमिशनची धावपळ सुरू झाली की ही मुदत भिंतीवरच्या फलकावर राहते आणि खिडकीवर "सर्व्हर डाऊन आहे", "साहेब मीटिंगला गेलेत", "मावशी, पुढच्या आठवड्यात चक्कर मारा" एवढंच ऐकायला मिळतं. मग कुणी एजंट गाठतं, कुणी ओळखीच्या कार्यकर्त्याकडून फोन लावून घेतं. यापेक्षा वेगळा रस्ता कायद्यातच आहे. त्याला एजंट लागत नाही की ओळख, तरी तो वापरणारे थोडेच.

कायद्याचं नाव महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. तो २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, शिधावाटप कार्यालय अशा प्रत्येक प्राधिकरणाने आपण कोणत्या सेवा देतो, किती दिवसांत देतो, देणारा अधिकारी कोण आणि त्याने दिली नाही तर कुणाकडे जायचं, हे अधिसूचना काढून जाहीर करायचं, असं हा कायदा सांगतो. देणारा तो पदनिर्देशित अधिकारी. त्याच्यावर प्रथम अपील प्राधिकारी, त्याच्यावर द्वितीय अपील प्राधिकारी आणि सगळ्यांच्या वर राज्य सेवा हक्क आयोग. ही सगळी माहिती कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावणं बंधनकारक आहे. फलक असतोही, फक्त तो कपाटाच्या मागे असतो किंवा त्यावर दोन साहेबांपूर्वीचं नाव असतं. नाव जुनं असलं तरी पद तेच असतं, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अपील लिहिताना तोच कामाला येतो.

आधी आपलं कार्यालय कुठलं ते ठरवा

मुंबईत पहिला गोंधळ इथेच होतो. एका शहरात दोन जिल्हे आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर जिल्हा, त्याचे जिल्हाधिकारी फोर्टला ओल्ड कस्टम हाऊसमध्ये बसतात. त्यापुढचा सगळा भाग मुंबई उपनगर, त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. उपनगरात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत. मानखुर्दचा माणूस कुर्ला तालुक्यात मोडतो, वांद्र्याचा अंधेरीत आणि गोरेगावचा बोरिवलीत. स्टेशन कुठलं जवळ पडतं याला इथे काही अर्थ नाही.

रेशनकार्डाचं काम राज्यात बहुतेक ठिकाणी तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं, मुंबईत मात्र त्यासाठी वेगळी शिधावाटप कार्यालयं आहेत. जन्म-मृत्यूचे दाखले, नळजोडणी, दुकानाचे परवाने हे सगळं महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. चुकीच्या कार्यालयात दिलेल्या अर्जावर मुदत मोजली जात नाही, म्हणून हे आधी नक्की करा.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. अर्ज मिळाल्याची पोच, तिच्यावर तारीख आणि अर्ज क्रमांक. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून अर्ज केला तर क्रमांक आपोआप मिळतो आणि पुढे त्यावरून अर्ज कुठवर आला तेही पाहता येतं. खरी अडचण हाताने दिलेल्या अर्जाची. खिडकीवरचा माणूस कागद चाळतो, "हे एक कमी आहे, घेऊन या" म्हणतो आणि अख्खी फाईल परत देतो. त्याच्या लेखी तुमचा अर्ज आलाच नाही. अर्जच नाही तर उशीर कसला आणि अपील कशाचं? कायद्याला इतक्या सहज बगल देता येते आणि बहुतेक ठिकाणी नेमकी अशीच दिली जाते.

मुदत मोजायला सुरुवात होते ती सगळ्या कागदपत्रांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे "कागद अपूर्ण" हे कार्यालयाचं सगळ्यात सोपं उत्तर असतं. यावर उपाय दोन. अर्जाला जोडलेल्या कागदांची यादी अर्जावरच खाली क्रमवार लिहा, म्हणजे त्या यादीसकट पोच मिळते. आणि काही कमी आहे असं तोंडी सांगितलं तर "तेवढं लिहून द्या" म्हणा. त्यावर खिडकीवरच्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्या. खिडकीवर घेतच नसतील तर आवक-जावक विभागात द्या, तिथेही नाही म्हटलं तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

कागदपत्रं

उत्पन्नाच्या दाखल्याला ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र लागतं. नोकरदाराचं सोपं आहे, फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला दिला की झालं. अडतो तो घरकाम करणाऱ्या बाईंचा, रिक्षावाल्याचा, नाक्यावरच्या मजुराचा अर्ज, कारण त्यांना पगारपत्रक देणारं कुणी नसतं. तिथे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल कामी येतो.

पत्त्याचं दुखणं खास मुंबईचं. चाळ पुनर्विकासाला गेली, माणूस संक्रमण शिबिरात राहतो, रेशनकार्ड जुन्या खोलीच्या नावावर आणि आधारवर तिसराच पत्ता. अशा वेळी सध्याच्या जागेचं वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार आणि जुन्या-नव्या पत्त्याचा खुलासा करणारी चार ओळींची चिठ्ठी सोबत जोडा. नंतर त्रुटी काढून फाईल परत येण्यापेक्षा हे बरं.

प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का आणायची गरज राहिलेली नाही. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन मान्य केलं आहे, म्हणजे प्रतीवर स्वतःची सही करायची आणि मूळ कागद पडताळणीला दाखवायचा. तसंच उत्पन्न, जात, अधिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसलेले लोक स्टॅम्प पेपर गळ्यात मारतातच. साध्या कागदावर चालतं का, हे आत विचारल्याशिवाय बाहेर पैसे देऊ नका.

अपील कोण करू शकतो, कधी, किती दिवसांत

ज्याला ती सेवा मिळण्याचा हक्क आहे आणि ज्याचा अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही किंवा फेटाळला गेला, अशी कोणतीही व्यक्ती. अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, शिवाय अपील किती दिवसांत आणि कुणाकडे करायचं तेही कळवावं लागतं. "तुमचं होणार नाही" हा तोंडी निरोप कायद्याच्या भाषेत नकार ठरत नाही. मुदत संपली की तो उशीरच.

पहिलं अपील मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं. आजारपण, गावी जाणं असं सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत ते दाखल करून घेता येतं. त्यावर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसरं अपील. पहिल्या अपिलावर काहीच कळलं नाही, तर ते केल्यापासून ४५ दिवस झाल्यावर थेट दुसरं करता येतं. तिथे निर्णयाला ४५ दिवस. त्यानंतर ६० दिवसांत आयोगाकडे तिसरं अपील, आणि आयोगाने ९० दिवसांत निकाल द्यायचा. बृहन्मुंबईचे दोन्ही जिल्हे मुख्य आयुक्तांच्या अखत्यारीत येतात, बाकी महसुली विभागांना स्वतंत्र आयुक्त आहेत. मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात आयोगाचं मुख्यालय आहे. ऑनलाइन अर्ज असेल तर अपीलही पोर्टलवर लॉगिन करूनच होतं.

हे सगळे दिवस एकावर एक ठेवले तर शाळेचं अख्खं वर्ष संपेल, हे खरं. पण बहुतेक दाखले पहिल्या अपिलाची नोटीस खाली गेली की निघतात, कारण सुनावणीला त्या अधिकाऱ्याला वरिष्ठांसमोर उत्तर द्यावं लागतं आणि तो प्रसंग कुणालाच नको असतो.

अपिलाचा मजकूर लांबलचक नको. साधारण असा पुरे:

"मी दि. ____ रोजी ____ या सेवेसाठी अर्ज क्र. ____ केला. सोबतच्या यादीप्रमाणे सर्व कागदपत्रे जोडली होती. या सेवेची नियत कालमर्यादा ____ दिवस असून ती दि. ____ रोजी संपली. अद्याप सेवा मिळालेली नाही व नकाराचे लेखी कारणही कळवलेले नाही. तरी सेवा तात्काळ देण्याचे निर्देश व्हावेत, तसेच विलंबास सबळ कारण नसल्यास कलम १० नुसार कार्यवाही व्हावी. मला सुनावणीची संधी द्यावी."

खाली नाव, पत्ता, मोबाईल, सही, आणि मागे पोचेची प्रत. कोण कसं बोललं, किती खेटे घातले, हे यात लिहू नका. मनस्ताप खरा असतो, पण सुनावणीत तारखाच बोलतात.

कलम १० दंडाचं आहे. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. पहिल्या अपिलावर वारंवार वेळेत निर्णय न देणाऱ्या किंवा चुकार अधिकाऱ्याला पाठीशी घालणाऱ्या प्रथम अपील प्राधिकाऱ्यालाही तेवढाच. ही रक्कम अर्जदाराच्या हाती पडत नाही, आणि ५,००० रुपयांनी कुणाचं घर बसत नाही. धाक असतो तो अधिकाऱ्याच्या नोकरीच्या कागदावर उमटणाऱ्या नोंदीचा. दुसऱ्या बाजूने, अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर अर्जदारावरही कारवाई होऊ शकते.

निवडणुकीत किंवा पूर, वादळासारख्या आपत्तीत मुदत वाढवता येते. पण ती सरकारने ठरवून वाढवायची असते. "इलेक्शन ड्यूटी लागलीय" म्हणून टेबलावरच्या कारकुनाला ती परस्पर वाढवता येत नाही.

निराधार अनुदानाचं काय?

हा प्रश्न वस्त्यांमधून सगळ्यात जास्त येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६५ वर्षांखालच्या व्यक्तींना अनुदान मिळतं. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. विधवांना पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो, दिव्यांगांना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र.

उत्पन्नाची अट मात्र कुटुंबाची वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. महिन्याला भागले तर १,७५० रुपये. एवढ्यात मुंबईत खोलीचं भाडं सोडा, गॅस आणि वीजबिल भागत नाही. ही मर्यादा शहराकडे पाहून ठरवलेली नाही, हे उघड आहे, आणि म्हणूनच इथे खऱ्या निराधार बाईचाही अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावरच्या एका आकड्यापाशी पडतो.

अनुदान मंजूर करण्याचं काम समितीचं असतं आणि समितीच्या बैठका लांबतात. म्हणून या अर्जाची दोन भागांत विभागणी करा. त्याला लागणारा उत्पन्नाचा किंवा मृत्यूचा दाखला अडला असेल तर त्यासाठी वर सांगितलेलं अपील. समितीपुढचा अर्जच पडून असेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. विचारायचं एवढंच: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे आला, त्याच्याकडे किती दिवस होता, समितीची बैठक कधी झाली आणि माझ्या अर्जावर काय नोंद झाली. "का झालं नाही?" असं विचारू नका, त्या प्रश्नाचं उत्तर टाळता येतं. तारखा मागितल्या की टाळणं कठीण जातं.

तरीही हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही, विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. आणि हो, त्याचीही पोच घ्यायची. न्यायालयात असलेली प्रकरणं आणि महसुली अपिलं तिथे घेत नाहीत. त्याच्याही वर लोकायुक्त आहेत, १९७१ च्या कायद्याखालचे. तिथे गाऱ्हाणं मांडायला साधारण वर्षभराची मुदत असते आणि तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. खालच्या कार्यालयांत केलेल्या अर्जांच्या पोचा, अपिलांच्या प्रती आणि माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं तारखेच्या क्रमाने लावून सोबत जोडा.