बाळ पाण्याला रडत नाही

न्हाणीतून तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला की ओसरीवरून सल्ला ठरलेला: "रडू दे माय, छाती मोकयी व्हस." जळगाव-धुळ्याकडे हे ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. खरं तर छाती मोकळी होण्याचं काम केव्हाच उरकलेलं असतं. फुप्फुसांतलं पाणी जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांत आणि पुढच्या काही तासांत अंगातच शोषलं जातं. दहाव्या दिवशी अंघोळीत टाहो फोडणाऱ्या बाळाचा तो व्यायाम नसतो. बहुतेक वेळा त्याला थंडी वाजत असते. मे महिन्यातसुद्धा.

मे महिन्याचं नाव काढलं की लोक हसतात. बाहेर पारा ४४ वर आणि म्हणे थंडी! पण बाळ नेमकं केव्हा रडतं ते बघा. कोमट पाण्याची धार अंगावर असेपर्यंत पुष्कळ बाळं शांत असतात. धार थांबली, साबण लावायला हात वळला किंवा टॉवेल शोधायला कोणी उठलं की सूर लागतो. म्हणजे त्रास पाण्याचा नाही, पाणी उडून जाण्याचा आहे.

एक ग्रॅम पाण्याची त्वचेच्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. (शाळेतला ५४० हा आकडा उकळत्या पाण्याचा, तापमान कमी असेल तर उष्णता जास्त लागते.) आता बाळ ३ किलोचं धरू. शरीराची विशिष्ट उष्णता (एक ग्रॅमचं तापमान १ अंशाने बदलायला लागणाऱ्या कॅलरी) ०.८३ घेतली, तर त्याचं तापमान १ अंशाने उतरायला अंगातून साधारण २,५०० कॅलरी जायला हव्यात. भागाकार करा: ४.३ ग्रॅम. चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही! एवढं पाणी बाळाच्या अंगातल्याच उष्णतेवर उडालं आणि नवी उष्णता तयार झाली नाही, तर बाळ १ अंशाने गार. ६० किलोच्या बापाला तेवढंच गार व्हायला ८६ ग्रॅम पाणी उडावं लागेल. शिवाय वजनाच्या मानाने बाळाची त्वचा जास्त: दर किलोमागे मोठ्या माणसाच्या अडीच पटीच्या आसपास. त्यातही डोक्याचा वाटा जवळजवळ पाचवा.

खानदेशची हवा यात भर घालते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जळगावात खोली गार करतो आणि मुंबईत नुसती दमट करतो, त्याचं कारण हवेचा कोरडेपणा. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान मिळतं, त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ते येतं साधारण २३. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर २८. म्हणजे जळगावच्या रणरणत्या दुपारी ओलं फडकं मुंबईतल्यापेक्षा ५ अंशांनी जास्त गार होतं. बाळाची त्वचा काही २३ पर्यंत उतरत नाही, आतून ऊब येत असते. पण ओढ त्या दिशेने असते, आणि कूलरचा झोत थेट अंगावर असेल तर विचारूच नका.

मग बाळ काय करतं? आपण कुडकुडतो, स्नायू थरथरून उष्णता काढतात. तान्ह्याला ते जवळजवळ जमत नाही. त्याच्याकडे वेगळी सोय आहे, आणि माझ्या मते माणसाच्या शरीरातली ही एक फार देखणी सोय आहे: तपकिरी चरबी. मानेत, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती ती साठलेली असते. रंग येतो तो ठासून भरलेल्या मायटोकाँड्रियांमुळे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांमुळे. साध्या पेशीत मायटोकाँड्रिया अन्न जाळून प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) आतल्या पटलाबाहेर ढकलतात. ते परत येताना एटीपी (पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करणाऱ्या विकरातून येतात. तपकिरी चरबीत त्या पटलात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. त्वचेला गारवा लागला की मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसकडून आलेल्या संदेशाने चेतातंतूंतून नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं, चरबी फुटते, सुटी झालेली मेदाम्लं यूसीपी-१ ला जागं करतात आणि प्रोटॉन एटीपी न बनवताच परततात. सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. मात्र याला प्राणवायू आणि इंधन भरपूर लागतं. दिवस पूर्ण न भरलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबीच तोकडी असते. त्याच्या अंघोळीची घाई करूच नये.

रडण्याचं दुसरं कारण म्हणजे आधार सुटणं. डोकं जरा मागे गेलं की तान्हं बाळ दोन्ही हात फेकतं आणि दचकून रडतं. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये या प्रतिक्षेपाचं वर्णन केलं, म्हणून त्याला मोरोचं नाव आहे. पाय लांब करून त्यावर बाळ घेणाऱ्या आज्यांची पद्धत इथे बरोबर ठरते. सुती दुपट्यात सैल गुंडाळून एकेक हात-पाय उघडत धुतला, तर दचकणं आणि गारठणं दोन्ही कमी होतं.

पहिली अंघोळ जन्मानंतर निदान २४ तासांनी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नाही, त्यात जंतूंना रोखणारी प्रथिनं असतात, खरवडू नका. पुढेही रोज न्हाऊ घातलंच पाहिजे असं नाही. आधी गार पाणी, मग त्यात गरम ओतून विसण जमवावं; ३७-३८ अंश पुरे, कोपर बुडवून चटका लागता कामा नये. पंखा-कूलर बंद. टॉवेल हाताशी. डोकं सगळ्यात शेवटी, आणि लगेच कोरडं. उन्हाळ्यात मात्र अंग पुसून झाल्यावर लोकरीचं टोपरं आणि दोन दुपटी चढवू नयेत, कारण मग त्याच बाळाला उलटा त्रास, म्हणजे ताप, होतो.

"जंतुनाशक" साबणांच्या जाहिराती सोडून द्या. साध्या पाण्याने भागतं. बाळाची छाती पिळून दूध काढणं, नाकात तेल सोडणं हे प्रकार तर थेट घातक. राहता राहिली ओवा-वेखंडाची धुरी. ऊब मिळते ती निखाऱ्यांची. धुराने दृष्टही जात नाही आणि सर्दीही. उलट बंद खोलीतल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, आणि तपकिरी चरबीला नेमका प्राणवायूच हवा असतो. धुळ्याच्या डिसेंबरात पहाटे धुरी घालून न्हाऊ घालण्यापेक्षा दुपारी बाराला, उन्हाने तापलेल्या खोलीत, दार लावून पाच मिनिटांत उरकावं.